दिराच्या अंगठ्यातला काळा ठिपका: कुरूप की वाळूतली पिसू?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीर दहा दिवसांपूर्वी युगांडाहून खानापूरला आले, अंगठ्याच्या नखाकडेला वाटाण्याएवढा पांढरा फुगवटा आहे, मधोमध काळा ठिपका. सासूबाई कुरूप म्हणून बिब्बा लावायला निघाल्यात आणि तुम्हाला घोर आहे पोरांचा. आधी तो बिब्बा थांबवा, बाकीचं मग वाचा.

मी डॉक्टर नव्हे, मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेला हवालदार. पण काँगोत युनोच्या शांतिसेनेत असताना हाच पाहुणा, म्हणजे वाळूतली पिसू, माझ्याच पायात मुक्काम करून गेलाय. दिवसभर बूट असायचे, संध्याकाळी अंघोळीला जाताना मात्र चप्पल. तेवढ्यात डाव साधला तिनं. आधी नुसती खाज. मला वाटलं, आपल्याकडं पावसाळ्यात होतात तशा चिखल्या. मग ठणका लागला. तिथली माणसं याला फुंझा म्हणतात, इंग्रजीत जिगर. (नाव जिगर, पण जिगर लागते ती काढून घेणाऱ्याला!)

मी शहाणपणा करून सेफ्टी पिननं उकरलं. पिसू फुटली, अर्धी आतच राहिली, अंगठा पिकला आणि आठवडाभर बूट चढेना. म्हणून एवढं तळमळून सांगतोय.

आत असते ती पिसवाची मादी. कातडीत शिरताना जेमतेम 1 मिलिमीटर, आठ-दहा दिवसांत अंड्यांनी फुगून 1 सेंटीमीटरपर्यंत जाते. काळा ठिपका म्हणजे तिचं मागचं टोक. श्वास तिथनंच, अंडीही तिथनंच बाहेर. शंभरावर अंडी टाकून चार ते सहा आठवड्यांत ती जागच्या जागी मरते. तोवर वाट बघू नका, कारण त्या भोकातनं जंतू शिरतात आणि धनुर्वाताचीही भीती असते.

मूळची ही दक्षिण अमेरिकेची. 1872 साली ब्राझीलहून अंगोलाला गेलेल्या एका जहाजातनं आफ्रिकेत उतरली आणि शतक संपायच्या आत पूर्व किनाऱ्याला पोचली.

आता पोरांचं. दिराच्या पायातनं ती थेट दुसऱ्याच्या पायात जात नाही. अंडी मातीत पडतात आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत किंवा वाळूत तीन-चार आठवड्यांत नवी पिसवं तयार होतात. फरशीवर हे जमत नाही, पण तुमचं परस आणि गोठा मातीचा असेल. तेव्हा पिसू निघेपर्यंत दिरांनी मोजे-बूट घालूनच बाहेर जावं. डुक्कर, कुत्रं, मांजर, उंदीर यांनाही ती धरते.

बेळगावला सिव्हिलमध्ये कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि पहिलं वाक्य ‘युगांडाहून आलोय’ हेच बोला. आपल्याकडं ही सहसा दिसत नाही, न सांगितलं तर तेही कुरूपच समजतील. ते निर्जंतुक सुईनं भोक जरा रुंद करून पिसू अख्खी काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर तेही देतील. साखरेचा त्रास असेल तर आजच जा.

दिरांना सुईचं भ्या वाटत असेल, तर डायमेथिकोन नावाच्या पातळ सिलिकोन तेलाबद्दल विचारा. ते ठिपक्यावर सोडलं की पिसवाचा श्वास कोंडतो आणि आठवडाभरात ती मरते.