पट दिसत नाही म्हणतोस ते

अरे, तुझा मेसेज वाचला. डोळे मिटले की बुद्धिबळाचा पट धूसर होतो म्हणून ब्लाइंडफोल्ड, म्हणजे पट न बघता खेळणं, आपल्याला जमणारच नाही, असं तू ठरवूनही टाकलंस. थांब जरा. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञालाही आधी वाटलं होतं की डोक्यात पटाचा फोटो असतो, पण १८९४ च्या त्याच्या पुस्तकात दिसतं ते वेगळंच, चांगल्या खेळाडूंना सोंगट्यांचा रंग-आकार फारसा दिसतच नाही, कोण कुणावर डोळा ठेवून आहे एवढं पक्कं कळतं.

खरा घोळ होतो तो जुळ्या डावांत. मी एकदा सहा बोर्डांवर न बघता खेळत होतो, तिसऱ्यावर फ्रेंच आणि पाचव्यावर कॅरो-कान, हे काळ्याचे दोन ठरावीक बचाव. दोन्हीकडे माझी प्यादी डी४, ई५ या घरांत आणि काळ्याची डी५, ई६ मध्ये, फरक एवढाच की फ्रेंचमध्ये त्याचा उंट सी८ वर कोंडलेला आणि कॅरोमध्ये तो आधीच एफ५ वर येऊन बसलेला. मी पाचव्यावर तिसराच डाव धरून वजीर सी२ वर ठेवला, त्याने उंटाने उचलला, बास. म्हणून बोर्ड वाढले की ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, मुद्दाम वेगवेगळी घे, इथे पहिली चाल ई४, तिथे डी४, पुढे सी४, आणि गोंधळलास तर अंदाज नको, सरळ पहिल्या चालीपासून डाव मनात परत खेळ, वेळ जाऊ दे.

उघड्या डोळ्यांची सायमल, म्हणजे एकट्याने एकाच वेळी अनेकांशी खेळणं, वेगळी. तिथे आठवायचं काही नसतं, पण पाय दुखतात, आणि सोपे डाव संपले की उरलेले चार-पाच चिवट खेळाडूच समोर असतात, तेही तू पार थकल्यावर. अवघड बोर्डापाशी उभं राहून तंद्री लावू नकोस, बाकीचे तेवढा वेळ फुकट विचार करतात.

आणि झोपेचं बघ. अर्जेंटिनाचा बुद्धिबळपटू नायडॉर्फ १९४७ मध्ये साओ पावलोला ४५ बोर्ड न बघता खेळला, ३९ जिंकला, ४ बरोबरी, २ हरला, तेवीस तासांहून जास्त चाललं होतं ते. माझे सहाच, तरी रात्री पडल्यावर तो एफ५ चा उंट छतावर फिरत होता :) तू आधी एकच घे.

रविवारी फोन कर, पांढरे तुझे. बाराव्या चालीला मी मध्येच विचारणार, तुझा पांढऱ्या घरांतला उंट कुठंय?