जुनाट पोटदुखी आणि आम्लपित्तावर आयुर्वेदात कायमचा उपाय आहे का? अविपत्तिकर चूर्ण रोज घेतले तर चालेल का?

आपण लिहिले आहे की आठ महिन्यांपासून पोट दुखते, छातीत जळजळ होते, चूर्ण घेतले की बरे वाटते आणि सोडले की पुन्हा सुरू होते. रोज घेतलेले चालणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो, कारण तेच चूर्ण मी कोणालाही न विचारता अडीच वर्षे घेतले आहे. मूळ पाठाप्रमाणे त्याच्या 132 भागांत 66 भाग साखर आणि 44 भाग निशोत्तर असते. सुंठ-मिरी-पिंपळी, त्रिफळा, नागरमोथा, लवंग वगैरे सगळे मिळून उरलेल्या 22 भागांत येते. निशोत्तर हे रेचक आहे. साचलेले पित्त खाली काढून टाकण्यासाठी ते काही दिवस द्यायचे असते. मुखवासासारखे रोज तोंडात टाकण्यासाठी नव्हे.

मी एका दैनिकात रात्रपाळीचा मुद्रितशोधक होतो. शेवटची पाने सुटेपर्यंत दीड-दोन वाजत. तोवर पाच कप चहा, मधे एखादा वडापाव, आणि घरी आल्यावर झाकून ठेवलेला भात व कुळथाची पिठी, असा क्रम अठरा वर्षे चालला. वाकून बसून कंबर धरली, तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे आणून दिली. दादा औषध कंपनीचे प्रतिनिधी होते, त्यामुळे घरात गोळ्यांना तोटा नव्हता. त्या गोळ्या मी रिकाम्या पोटी चहाबरोबर घेत असे. त्यातून पोटाचे जे झाले त्यावर मी चूर्ण शोधले, आणि दादांनी 'झाडपाल्याचा नाद' म्हणून माझी थट्टा सुरू केली.

2011 च्या पावसाळ्यात दुखणे असह्य झाले, तेव्हा पत्नीने मला सदाशिव पेठेतल्या एका वैद्यबाईंकडे नेले. मला वाटले होते की त्या नाडी पाहून चूर्ण बदलून देतील. त्यांनी नाडी पाहिली, पण त्याआधी वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. दुखते कधी, जेवल्याबरोबर की जेवण जिरताना? मध्यरात्री दुखले आणि दोन बिस्किटे खाल्ली तर थांबते का? दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? मळाचा रंग कसा आहे? मी म्हटले, काही दिवसांपासून डांबरासारखा काळा. त्यावर त्यांनी विचारले, "लोहाचं काही औषध घेता का?" लोहानेही मळ काळा होतो, म्हणून तो प्रश्न होता. मी नाही म्हणताच त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हा परिणामशूल दिसतोय, पण आत रक्त जात असावं. उद्याच दुर्बिणीतून तपासून घ्या. माझं औषध महिनाभराने सुरू झालं तरी बिघडत नाही."

अन्न जिरताना उठणाऱ्या शुळाला माधवनिदानात परिणामशूल म्हटले आहे, आणि आम्लपित्ताचे प्रकरण त्याच ग्रंथात वेगळे आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. दुर्बिणीत लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण निघाला, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला, आणि हिमोग्लोबिन साडेआठवर आले होते. चौदा दिवस दोन प्रतिजैविके, आम्ल कमी करणारी गोळी आणि वेदनाशामके कायमची बंद, असे उपचार झाले. रात्रीचे दुखणे गेले. जळजळ मात्र उरली.

त्या उरलेल्या जळजळीवर वैद्यबाईंनी काम केले. पाळीला निघण्यापूर्वी साडेसातला जेवण, दहानंतर चहा नाही, रात्री भूक लागलीच तर साळीच्या लाह्या, जेवणात जुना तांदूळ, मूग, दुधी, पडवळ. कुळीथ वर्षभर बंद, कारण तो उष्ण आणि पित्त वाढवणारा. सोबत शतावरी कल्प आणि दीड महिना कामदुधा हे पित्तशामक औषध. आम्लपित्त पाणथळ मुलखात अधिक होते आणि औषधाने न हटल्यास मुलूख बदलावा असे काश्यपसंहितेत सांगितले आहे, हेही त्यांनी हसत सांगितले. कोकणातले राजापूर सोडून मला तेव्हा वीस वर्षे झाली होती. फक्त पिठी सोडायची राहिली होती.

दादा आजही दर दिवाळीला ऐकवतात की मी प्रतिजैविकांनी बरा झालो, आणि बॅरी मार्शल यांनी 1984 साली तो जंतू स्वतः पिऊन दाखवला व 2005 साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले, ही गोष्ट पुन्हा सांगतात. व्रण प्रतिजैविकांनीच भरला, हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केले नाही, इथे करतो. परंतु मला तपासणीला पाठवले कोणी? दादांच्या गोळ्यांनी नाही आणि दुकानातून आणलेल्या माझ्या चूर्णानेही नाही. रोगाचे कारण आधी टाळावे ही सुश्रुताची आज्ञा आहे. डबा विकत आणून आपण तीच वगळतो आणि अपयश आयुर्वेदाच्या नावावर लिहितो.

म्हणून आपण आधी निदान करून घ्यावे. काळा मळ, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर वैद्य शोधत बसू नये, थेट रुग्णालयात जावे. घाम फुटून छातीत दुखत असेल तर ते पित्त समजू नये. सूतशेखर हे आम्लपित्तावरचे औषध कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. त्यात पारा आणि बचनाग ही विषारी मुळी असते. ज्येष्ठमध निरुपद्रवी समजले जाते, पण रक्तदाब असणाऱ्याने ते रोज घेऊ नये. थंड दुधाने लगेच बरे वाटते, पण थोड्या वेळाने आम्ल अधिक सुटते. मधुमेह असल्यास चूर्णातली अर्धी साखर लक्षात ठेवावी, हे मी खरे तर सुरुवातीलाच लिहायला हवे होते.

दादा आता पंचाहत्तरीचे आहेत आणि गुडघ्यांसाठी रोज तीच वेदनाशामक गोळी घेतात. मळाचा रंग कसा आहे असे मी विचारले की ते फोन ठेवून देतात.