लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीला बुलेट किती ग्रेनची (किती वजनाची)?

प्रश्न: सर, .308 च्या रायफलने 600 यार्डापर्यंत मी 168 ग्रेनची मॅच बुलेट वापरतो, ग्रूप मस्त येतात, सगळी भोकं जवळजवळ पडतात. आता 1000 यार्डाच्या मॅचमध्ये उतरायचंय. रेंजवर एक जण म्हणतो 155 घे, दुसरा म्हणतो जड बुलेट वाऱ्याला कमी हलते, 200 च घे. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघंही बरोबर सांगतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या मॅचबद्दल बोलतायत. त्यामुळे आधी आपला क्लास कुठला ते बघा. आयसीएफआरए, म्हणजे लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमांत टार्गेट रायफल क्लासला, म्हणजे पालथं झोपून, स्लिंग लावून, अ‍ॅपर्चर साइटने (बारीक भोकातून बघून नेम धरायच्या साइटने) मारतात त्याला, .308 ची बुलेट 156 ग्रेनपेक्षा कमी आणि .223 ची 81 पेक्षा कमी लागते. म्हणजे तिथे 155, विषय संपला. एफ-टीआर या दुसऱ्या क्लासमध्ये बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि स्कोप चालतो, रायफल सगळं धरून 8.25 किलोच्या आत हवी, पण बुलेटच्या वजनाला बंधन नाही, म्हणून तिथली मंडळी 185 नाहीतर 200 कडे वळतात.

आता वाऱ्याचं, कारण खरी गंमत इथेच आहे. 1000 यार्ड म्हणजे 3000 फूट. 155 ची बुलेट सेकंदाला 3000 फुटांनी निघाली आणि वाटेत हवाच नसती तर ती 1 सेकंदात पोचली असती, प्रत्यक्षात तिला साधारण दीड सेकंद लागतो. हा जो वरचा अर्धा सेकंद हवेने खाल्ला ना, बुलेट किती सरकणार ते त्याच्यावर ठरतं, पूर्ण दीड सेकंदावर नाही. ताशी 10 मैलांचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला जवळपास 15 फूट, त्याचे अर्धे करा, सात-साडेसात फूट! आता 200 ची लांब, निमुळती बुलेट घ्या, ती 2650 नेच निघते, हवा नसती तर तिला 1.13 सेकंद लागले असते, पण वाटेत वेग कमी गमावते म्हणून तीही जवळपास दीड सेकंदातच पोचते. वरचा वेळ 0.4 सेकंदाच्या आसपास, म्हणजे सरकणं सुमारे सहा फूट. सुटताना एवढी हळू असूनही दीडेक फुटाचा फायदा, आणि तो नुसत्या वजनाचा नाही तर आकाराचा, म्हणजे बीसीचा (बॅलिस्टिक कोइफिशंट, बुलेट हवा किती सहज कापते त्याचा आकडा). आखूड, बोथट 200 घेतलीत तर हा फायदा मिळणार नाही.

पण 200 घेण्याआधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, बघाच. बुलेट जितकी लांब तितका फिरका जास्त लागतो. 155 ला 1:13 (13 इंचांत एक फेरा) पुरतो, 200 च्या लांब बुलेटला 1:10 हवा. तुमचं बॅरल 1:12 किंवा 1:13 असेल तर 200 चा विचार सोडा, आणि थंडीत तर हवा दाट असते, तेव्हा काठावरचा ट्विस्ट आणखीच कमी पडतो. शिवाय जड बुलेटचा धक्काही जास्त, बायपॉडवर रायफल उडी मारते, प्रत्येक शॉटला पकड अगदी तीच ठेवावी लागते.

तुमच्या 168 चं मात्र स्पष्ट सांगतो, ती 600 लाच ठेवा. जुन्या डिझाइनच्या 168 च्या शेपटीचा उतार 13 अंशांचा, ती मुळात 300 मीटरसाठी केलेली, 1000 च्या अलीकडे तिचा वेग आवाजाच्या वेगाजवळ आला की ती डोलायला लागते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं तर समजा बुलेट आडवी होऊन आली. 155 हलकी असूनही तिथे सुपरसॉनिक पोचते, 30 इंची बॅरल असेल तर आरामात.

प्रश्न: .223 ला 77 की 80 ग्रेन? 80 ची राऊंड माझ्या मॅगझिनमध्ये बसत नाही.

उत्तर: 80 घ्या. लांब पल्ल्याला एकेक राऊंड हातानेच भरतात, मॅगझिनचा प्रश्नच कुठे येतो! 77 मुद्दाम मॅगझिनच्या लांबीत बसावी म्हणून आखूड ठेवलेली असते, तेवढी बीसी कमी. बॅरल 1:8 किंवा त्याहून वेगवान ट्विस्टचं हवं, 1:9 असेल तर 80 च्या नादी लागू नका. आणि 77 चा लोड (काडतुसातल्या दारूचं प्रमाण) 80 ला तसाच चालवू नका हं, नवीन बुलेट म्हणजे रीलोडिंगचं मॅन्युअल उघडून त्यातल्या सगळ्यात कमी चार्जपासून परत सुरुवात.