सामायिक कार्यालयात काम करताना हेडफोन लावणे योग्य आहे का?

आपण सांगलीतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात नुकतेच रुजू झाला आहात, एकाच खोलीत सहा जण बसता, हेडफोन लावल्याशिवाय आकड्यांचे काम नीट होत नाही आणि ज्येष्ठ सहकारी अण्णांना मात्र ते उद्धटपणाचे वाटते. तेव्हा हेडफोन लावावा का आणि लावायचा असल्यास कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे मत आधीच सांगते. हेडफोन अवश्य लावावा, पण दिवसभर लावू नये, आणि तो कोणत्या वेळी लावायचा हे एकट्याने ठरवू नये. मी विश्रामबागमधील एका सीएंच्या कार्यालयात काम करते आणि आमची खोलीही अशीच एकत्र आहे, त्यामुळे आपली अडचण मला पुरेपूर समजते.

हेडफोन म्हणजे नव्या पिढीचे लाड, असा समज अनेक ज्येष्ठांचा असतो. तो मला अजिबात मान्य नाही. आपल्या कामात खरा त्रास गोंगाटाचा नसून बोलण्याचा असतो. पंखा, इन्व्हर्टर, खालच्या रस्त्यावरची रहदारी यांची सवय होऊन जाते. परंतु शेजारच्या टेबलावर एक जण पावत्यांचे क्रमांक आणि रकमा मोठ्याने वाचत असतो आणि दुसरा त्यावर टिक करत जातो, तेव्हा आपण मनात धरलेली रक्कम हमखास निसटते. हा आपला एकट्याचा दोष नाही. पाहिलेली अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायची असताना शेजारी परक्या, न समजणाऱ्या भाषेतला उतारा वाचला जात असला तरी चुका वाढतात, हे कोल आणि वेल्श या संशोधकांनी १९७६ साली दाखवले. १९८२ साली सालामे आणि बॅडली यांना अंकांच्या बाबतीतही तेच आढळले. त्यामुळे ‘तिकडे लक्ष देऊ नका’ या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही, कारण असे बोलणे आपण लक्ष दिले नाही तरी आत शिरतेच.

मात्र हेच कारण आपण कानात काय ऐकता यालाही लागू पडते. सालामे आणि बॅडली यांनीच १९८९ साली संगीताचा अभ्यास केला, तेव्हा गायलेल्या गाण्यांचा अडथळा वाद्यसंगीतापेक्षा अधिक असल्याचे दिसले. खरेदीच्या नोंदींची जुळवणी करताना भावगीते किंवा पॉडकास्ट लावले, तर खोलीतले बोलणे बंद करून कानात दुसरे बोलणे आणल्यासारखे होते. नुसत्या नोंदी उतरवायच्या असतील किंवा कागद स्कॅन करायचे असतील तेव्हा गाणी जरूर ऐकावीत. पण रक्कम मनात धरून काम करायचे असेल, तर शब्द नसलेला आणि फार न बदलणारा आवाज निवडावा. मी स्वतः मोबाईलवरील तंबोरा लावते. तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेच्या इतक्या जवळ राहून तंबोऱ्याच्या स्वराशी जवळीक असणे स्वाभाविकच आहे, आणि चार तारांचे ते आवर्तन शेजारचे आकडे बऱ्यापैकी झाकून टाकते.

आता अण्णांच्या बाजूने सांगते, आणि ती बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. आपल्याकडे येणारा पक्षकार बहुधा मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असतो, किंवा तासगावकडून आलेला बेदाण्याचा उत्पादक असतो. तो दारात उभा राहून ‘साहेब आहेत का?’ असे विचारतो आणि समोरचा माणूस मान वर करत नाही, तेव्हा त्याच्या मनात अपमानाखेरीज दुसरे काही येत नाही. टेबलावरचा फोन वाजत राहिला तर तो कोणी तरी उचलायलाच हवा, आणि एकाने कान बंद केले की त्याच्या वाटणीचे फोन उरलेल्या पाच जणांवर पडतात. आपली शांतता अशा रीतीने दुसऱ्याच्या खर्चाने येत असेल, तर त्यांची तक्रार रास्तच मानावी लागेल.

याहूनही मोठी गोष्ट म्हणजे आपण नवे आहात. करसल्लागाराच्या कामातले खरे शिक्षण मोठ्या प्रमाणात कानावर पडूनच होते. नोटिशीला उत्तर कसे द्यायचे, चिडलेल्या व्यापाऱ्याला दंडाची रक्कम कशी समजावून सांगायची, अधिकाऱ्याशी फोनवर किती बोलायचे आणि कोठे थांबायचे, हे कोणी वर्ग घेऊन शिकवत नाही. ज्येष्ठ मंडळी बोलत असतात आणि शेजारी बसलेला हळूहळू तयार होतो. पहिल्या वर्षी जो दिवसभर कान झाकून बसतो, त्याची जुळवणी बिनचूक होते, पण हे सारे त्याच्या हातून निसटते. मला वाटते, अण्णांना उद्धटपणा दिसतो तो येथेच: आपण सांगत आहोत ते या मुलाला ऐकायचेच नाही, असे त्यांना वाटत असावे.

म्हणून कामाप्रमाणे वेळ ठरवून घ्यावी. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचे जीएसटी विवरणपत्र) पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे सारांश विवरणपत्र) २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे या दोन तारखांच्या आधीचे दिवस सर्वांनाच एकाग्रतेचे असतात, आणि या दिवसांत हेडफोनची मागणी अण्णांनाही पटेल. ‘अण्णा, एवढी जुळवणी होईपर्यंत कानात लावू का? काही लागले तर टेबलावर हात ठेवा, मी लगेच काढतो,’ असे आधी विचारल्याने निम्मा प्रश्न सुटतो. आमच्याकडे आकडे मोठ्याने वाचण्याचे काम जेवणानंतर ठेवले जाते आणि सकाळी फोन घेण्याची पाळी लावलेली असते; ज्याची पाळी नाही त्याने कान झाकले तरी कोणी हरकत घेत नाही. कोणी बोलायला आले की हेडफोन नुसता सरकवू नये, पूर्ण काढून खाली ठेवावा. हेडफोन लावूनच उत्तर दिले, तर आपला आवाजही नकळत चढतो.

आवाजाबाबत एक इशारा गांभीर्याने घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तास उरते. आपल्याकडे सोमवार ते शनिवार काम चालते, म्हणजे दिवसभर हेडफोन लावणाऱ्याची मर्यादा ८० डेसिबलच्या आवाजातही ओलांडली जाऊ शकते. आतील कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुतेक मोबाईलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते, ती आजच ठरवून ठेवावी.

कोणता घ्यावा, याबद्दल थोडक्यात लिहिते. नॉइज कॅन्सलिंगचे महागडे हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर सोडतात. ही युक्ती पंख्याच्या किंवा जनरेटरच्या एकसुरी घरघरीवर उत्तम चालते, पण शेजारच्या बोलण्यावर तितकी चालत नाही. आपला त्रास बोलण्याचा असल्याने कानाभोवती घट्ट बसणारा साधा, बंद कपांचा हेडफोन पुरेसा आहे. तोही घेण्याआधी औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग काही दिवस वापरून पाहावेत. त्यांनी भागले तर मोठा खर्च करण्याचे कारण नाही.