शाळेत नाट्य आणि माध्यमनिर्मिती शिकवायची आहे, पण स्टुडिओ नाही, लाइट नाहीत. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात तुम्ही मराठी शिकवता, यंदा नाट्य आणि माध्यमनिर्मितीचा वर्ग तुमच्याकडे आलाय, आणि हाताशी एक हॉल, दोन माईक आणि मुलांचे मोबाइल एवढंच आहे. मी बरीच वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि अधूनमधून शाळांत शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, एवढं सामान पहिल्या वर्षाला पुरतं. यंत्रांच्या माहितीने मात्र सुरुवात करू नका. फ्रेनेल म्हणजे काय, पार म्हणजे काय, असे रंगमंचाच्या लाइटचे प्रकार फळ्यावर लिहून दिलं की मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

माझी पद्धत अशी: मुलांकडून पाच मिनिटांचा एकच प्रवेश लिहून घ्यायचा आणि वर्षभर तोच तीनदा करायचा. आधी फक्त आवाजात, मग रंगमंचावर, शेवटी कॅमेऱ्यासमोर. प्रवेशात माणसं दोनच, एक दार, आणि एक अशी वस्तू जी एकाला दुसऱ्यापासून लपवायची आहे. समजा, आजीने जमिनीचे कागद डब्यात ठेवलेत आणि नातू ते शोधतोय. आजी कोकणीत बोलली आणि शहरातून आलेला नातू मराठीत बोलला तरी बिघडत नाही. आपल्या घरांत असंच बोललं जातं. पुस्तकी मराठीचा आग्रह पहिल्याच दिवशी धरलात तर निम्मी मुलं तोंड उघडणार नाहीत.

आवाज आधी का, तर त्याला खर्च नाही आणि मुलांना दृश्याचा आधार मिळत नाही. आजीने डबा लपवला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? कडी सरकल्याचा आवाज, झाकण बसल्याचा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि त्यानंतर जरा घाईने बोललेलं वाक्य. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं इथे अचानक पुढे येतात, हे मी अनेक वर्गांत पाहिलंय. सुपात तांदूळ हळूहळू फिरवले की पाऊस होतो. सुक्या झावळीवर पाय ओढला की अंगणात कुणीतरी चाललंय. हे सगळं त्यांना स्वतः शोधू द्या, तयार आवाज इंटरनेटवरून घेऊ देऊ नका.

रेकॉर्डिंगला हॉल वापरू नका. फरशी आणि मोकळ्या भिंती यांमुळे आवाज घुमतो. लहानशी खोली घ्या, पंखा बंद करा, दोन बाजूंना गोधड्या किंवा जाड चादरी टांगा. तोंडापासून माईक साधारण एका वितीवर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. बोलणारा आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून माईक जवळ आणणं हा आवाज साफ करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी तिनेच भरतात. पावसाळ्यात पत्र्याखाली हे काम होत नाही. तेव्हा तालमी घ्या, रेकॉर्डिंग उघडीपीला.

आता रंगमंच. तोच प्रवेश हॉलमध्ये उभा करा आणि एका मुलीला शेवटच्या रांगेत बसवा. शब्द ऐकू आला नाही की तिने हात वर करायचा, बस्स. नटाला ‘मोठ्याने बोल’ सांगण्यापेक्षा तो हात जास्त शिकवतो. डबा लपवणं आता शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला हवं, म्हणजे आजीला वळावं लागेल, पदर सारखा करावा लागेल, डबा शरीराच्या आडून नेऊनही तो प्रेक्षकांना दिसेल अशी जागा घ्यावी लागेल. ब्लॉकिंग, म्हणजे नटाने मंचावर कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं, ते इथे आपोआप कळतं.

प्रकाशासाठी पहिल्या दिवशी एक टॉर्च पुरे. खोलीत अंधार करा, एकाला स्टुलावर बसवा आणि टॉर्च खालून, डोक्यावरून, बाजूने, पाठीमागून धरा. दर वेळी मुलांना एवढंच विचारा: हा माणूस आता कसा वाटतो? मग टॉर्च पुढून, एका बाजूला आणि वर साधारण ४५ अंशांत धरा. चेहरा ओळखीचा होतो, नाकाची सावली गालावर पडते. दुसऱ्या बाजूने मंद टॉर्च आणली की ती सावली मऊ होते. अमेरिकेत स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३० च्या दशकात रंगमंचासाठी मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे: दोन बाजूंनी ४५ अंश, एक प्रकाश उबदार, दुसरा थंड. नाव नंतर सांगा, आधी त्यांना सावली पाहू द्या.

खरे लाइट भाड्याने आणाल तेव्हा एक तास विजेच्या हिशोबाला द्या. हा भाग मी कधीच वगळत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, म्हणजे जास्तीत जास्त ३६८० वॉट. १००० वॉटचे पार तीन लागतील, चौथा लावायचा नाही. वायरिंग जुनं असेल तर तीनही नकोत. हा गुणाकार मुलांनीच करायचा आणि बोर्डाशेजारी चिकटवायचा. मुख्य जोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनच करील, त्यात मुलांचा उत्साह चालणार नाही. टांगलेल्या प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन हवी. हॅलोजनजवळ सुतळी किंवा कापड नको, आणि दिव्याच्या काचेला उघडी बोटं लावायची नाहीत, बोटांचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि दिवा फुटू शकतो. एलईडी पार मिळाले तर घ्या, ते वीज कमी खातात आणि तापतातही कमी.

आणखी एक गोष्ट, जी मला फार खटकते. शिडीवर चढायला आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं यंत्र) चालवायला मुलगे, कपडे आणि मेकअपला मुली, अशी वाटणी कुणी न सांगताच होते. ती पहिल्या आठवड्यातच मोडा. कामं फिरती ठेवा. ज्याने नातू केला त्याने पुढच्या खेपेला आवाज सांभाळायचा, जिने आजी केली तिने प्रकाश. विंगेत थांबून दुसऱ्याच्या क्यूची, म्हणजे आपलं काम कधी करायचं त्या खुणेची, वाट पाहिलेला नट पुढे वाक्य गाळत नाही.

क्यू शिकवायला संहितेची प्रत अशी बनवा की डाव्या पानावर संवाद आणि उजवं पान कोरं. उजवीकडे प्रकाशाचे क्यू एका रंगात, ध्वनीचे दुसऱ्या रंगात. प्रत्येक क्यू एका ठरावीक शब्दावर किंवा हालचालीवर बांधलेला. ‘आजी रागावते तेव्हा’ असं लिहायचं नाही, ‘“डबो खंय?” मधल्या “खंय”वर’ असं लिहायचं. प्रवेश सांभाळणारी मुलगी आधी ‘स्टँडबाय’ म्हणेल, मग ‘गो’. रंगीत तालमीच्या आधी एक तालीम फक्त क्यूंची घ्या, मधले संवाद गाळून एका क्यूवरून दुसऱ्यावर.

कॅमेऱ्यावर आलात की मुलं आपोआप जोरात बोलणार, हात हलवणार, कारण रंगमंच अंगात भिनलेला असतो. इथे डबा लपवायला बोटांचा एक क्लोजअप पुरतो आणि नजर खाली गेली तरी कळतं. दोघांमधून एक काल्पनिक रेषा धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर जोडल्यावर दोघे एकाच दिशेला बघताना दिसतात. मोबाइलवर चेहऱ्याला बोट दाबून धरून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक करा. काळ्या पार्श्वभूमीमुळे फोन चित्र उजळवत जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आवाज वेगळ्या फोनवर घ्या, तो नटाच्या जवळ लपवून, आणि टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतं. संकलनाचं ॲप कुठलंही चालेल, त्यावर वेळ घालवू नका. सिनेमातलं गाणं मात्र लावू देऊ नका. हक्कांचा प्रश्न येतो, आणि वर्गात कुणी ना कुणी घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजवणारं असतंच. व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

गोव्यात शिकवण्याचा खरा फायदा तुमच्या गावातच आहे. जत्रा-उत्सवांत देवळासमोरच्या मंडपात गावचीच माणसं मराठी नाटक करतात आणि सेटवाला, लाइटवाला, मेकअपवाला भाड्याने येतो. तुमच्या मुलांनी ही नाटकं पुढून पाहिलेली आहेत, आता मागून दाखवा. आयोजकांना आधी भेटा, एका वेळी चौघांपेक्षा जास्त मुलं विंगेत नेऊ नका, आणि प्रत्येकाला एकाच माणसामागे उभं करा: कुणी लाइटवाल्यामागे, कुणी प्रॉम्प्टरमागे. पडदा पडल्यावर सेट उतरवायलाही त्यांनी हात लावावा. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचे प्रयोगही दाखवा. एकाच प्रकारच्या मंचावर वेगवेगळ्या संस्था प्रकाश कसा वापरतात ते ओळीने पाहायला मिळतं.

गुण देताना प्रयोगाला निम्मे ठेवा आणि निम्मे वहीला. वहीत तीन वेळा एकच प्रश्न: या खेपेला डबा कसा लपवला, आणि का? पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात किती फरक पडला, ते पाहून गुण द्या. प्रवेश लिहून झाला की इथे खाली टाका, क्यू कुठे बांधता येतील ते बघून कळवतो.