वाचकांचे प्रश्न : 2+ चा अहवाल आणि चवथीतला डोस

प्रश्न : आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत ‘हर-टू : 2+’ आले आहे. औषध सुरू न करता डॉक्टर आणखी एक चाचणी सांगतात. उगाच उशीर तर होत नाही ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर : थोडा होतो, पण तो कारणी लागतो. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड पेशीवरच्या हर-टू प्रथिनाला चिकटून वाढीचा संदेश अडवते. ते प्रथिन मुबलक नसेल तर औषध पकडणार कशाला? तुकड्यात ते किती दिसते याचे गुण असतात : 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, 0 आणि 1+ निगेटिव्ह. 2+ अधांतरी, म्हणून फिश चाचणीत हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजतात. त्यासाठी पुन्हा सुई टोचत नाहीत, बायोप्सीचा मेणातला ब्लॉक पुरतो. तुकडा खाजगी लॅबमध्ये तपासला असेल तर नुसता अहवाल नको, ब्लॉकही मागून घ्या. अडते बहुधा तिथेच.

प्रश्न : म्हापशाहून वहिनी दर तीन आठवड्यांनी बांबोळीच्या इस्पितळात हर-टूवरच्या इंजेक्शनसाठी जाते. यंदा डोस नेमका चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत येतो. माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट), पाहुणे, सगळे तिच्यावरच. पुढे ढकलला तर चालेल? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : माटोळी दुसरे कुणीही बांधील. तरीही ढकलायचाच असेल, तर इंजेक्शन शिरेतून चालू आहे की मांडीत, हे आधी पाहा.

शिरेतून ट्रास्टुझुमॅबचा पहिला डोस किलोमागे 8 मिलिग्रॅम, 90 मिनिटांत. पुढचे 6 मिलिग्रॅमचे. ठरल्या तारखेपासून आठवड्याच्या आत गेलात तर नेहमीचाच डोस मिळतो. त्याहून उशीर झाला तर रक्तातली पातळी उतरलेली असते आणि पुन्हा 8 पासून सुरुवात. पर्टुझुमॅब (हर-टूवरचेच दुसरे प्रतिपिंड) आणि ट्रास्टुझुमॅबचे एकत्रित इंजेक्शन मांडीत, कातडीखाली देतात : पहिल्यांदा 15 मिलिलिटर, सुमारे 8 मिनिटे, नंतर 10 मिलिलिटर, 5 मिनिटे. त्यात मागच्या डोसाला 6 आठवडे झाले तरच मोठा डोस पुन्हा देतात. ही सवलत अडीअडचणीसाठी आहे, सणावारासाठी नव्हे. तारीख बदलायची तर वॉर्डात आधी कळवा, परस्पर चुकवू नका. दोन-चार दिवस अलीकडे-पलीकडे डॉक्टरच बसवून देतील.

तारखेइतकाच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, महत्त्वाचा. हे औषध हृदयाचा पंप ढिला करू शकते, म्हणून सुरुवातीला आणि मग साधारण दर 3 महिन्यांनी इको करतात. पंपिंग 50 टक्क्यांखाली आणि आधीपेक्षा 10 अंकांनी उतरले, तर डोस थांबवतात. वेळीच सापडले तर ते बहुधा सावरते. जिना चढताना धाप, पावलांना सूज, रात्री दोन उश्या लागणे, यातले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि फाइलवरचे औषधाचे नाव शेवटपर्यंत वाचा. ‘ट्रास्टुझुमॅब एमटान्सीन’ हे वेगळे औषध. त्यात प्रतिपिंडाला केमोचा अंश जोडलेला असतो आणि डोस किलोमागे 3.6 मिलिग्रॅमच. नावातल्या सारखेपणामुळे गफलत होऊ शकते, म्हणून पिशवीवरचे लेबल नर्ससोबत वाचायला लाजू नका.