गोळ्यांवर ठेवलं ही चूक नाही, त्या फोनचं बोला

प्रश्न : वडिलांना (वय 64) जिना चढताना छातीत दुखायचं. अँजिओग्राफीनंतर धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, "स्टेंटची घाई नाही, गोळ्यांवर ठेवू." आठ महिने बरे होते. फेब्रुवारीत दोनदा बसल्याबसल्या दुखलं. फोन केला तर गोळी वाढवायला सांगितली. सहा दिवसांनी अटॅक आला. दुसऱ्या दवाखान्यात स्टेंट टाकला, 2 लाख 80 हजार गेले. पहिला दवाखाना फाइल देत नाही, "फक्त कोर्टालाच देतो" म्हणतो. स्टेंट टाकला नाही म्हणून केस करता येईल का? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : केस करता येईल, पण त्या मुद्द्यावर बहुधा हराल. उपचाराचे दोन मान्य मार्ग असताना डॉक्टरांनी त्यातला एक धरला आणि पुढे वाईट झालं, एवढ्यानं हलगर्जी सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून हेच चालत आलंय. आणि चालताना दुखणं, थांबलं की जाणं, अशा स्थिर अंजायनात (हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीतलं दुखणं) आधी मेटोप्रोलॉल, अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, जिभेखालची सॉर्बिट्रेट हा मान्य मार्गच आहे. पाच हजारांवर रुग्णांचा इस्केमिया अभ्यास 2020 मध्ये छापून आला. आधीच स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा अटॅक एकंदरीत कमी झाले नाहीत, असं त्यात दिसलं. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो पुढे करेल. अपवाद एकच तपासा : अँजिओग्राफीच्या रिपोर्टात 'लेफ्ट मेन' (हृदयाची डावी मुख्य रक्तवाहिनी) शब्दापुढे काय लिहिलंय? तिथे मोठा अडथळा असेल, तर मी वरचं सगळं मागे घेतो.

तुमची खरी केस तुम्ही एका ओळीत उरकलीय. बसल्याबसल्या दुखायला लागलं त्या दिवशी तो अंजायना स्थिर राहिला नव्हता. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब बोलावून ईसीजी काढायचा असतो. फोनवर गोळी वाढवून भागत नाही. अर्थात "बसल्याबसल्या" हा शब्द फोनवर तुम्ही उच्चारला होता का, यावर सगळं अडेल. नुसतं "पुन्हा दुखतंय" म्हणाला असाल तर डॉक्टरांना बचाव आहे.

म्हणून आजच कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सअ‍ॅप असेल तर जपा, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. ते वकील करून देतील. गोळी वाढवल्यानंतर औषधं घेतली त्या दुकानाचं तारखेसह बिल शोधा. माझ्या अनुभवात असलं चुरगळलेलं बिल साक्षीदारापेक्षा जास्त बोलतं.

फाइल "फक्त कोर्टालाच देतो" हे खोटं. 2002 च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार लेखी मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाहीच घेतला तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. ती पोच पुढे कामी येते.

पोलिसांत जाऊ नका; फौजदारीसाठी घोर निष्काळजी दाखवावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करा. पहिल्या दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. त्याआधी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. इथे त्याशिवाय निभणार नाही.

आणि त्या दोन्ही वेळी आई घरी असतील, तर बाबा कुठे बसले होते, किती वेळ दुखलं, हे त्यांच्याकडून या आठवड्यातच लिहून घ्या.